ऊस गेला की सुट्टी

आपल्या या पत्रिकेत लागण, खोडवा, हुमणी, पाण्याच्या पाळ्या आणि ऊसबिलं यांवर आजवर पुष्कळ छापून आलं आणि पुढंही येत राहील. ऊसवाल्याच्या पत्रिकेत दुसरं असणार तरी काय! पण उसाच्या पट्ट्यात वाढणाऱ्या पोरांनी रोजचं हिंडायचं कुठं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचं कुठं, यावर कुणी चार ओळी लिहिल्याचं आमच्या तरी वाचनात नाही. हंगाम शेवटाकडं चाललाय, शाळांच्या परीक्षा तोंडावर आल्यात आणि घरोघरी पोरं विचारू लागलीत, 'यंदा कुठं जायचं?' तेव्हा हा विषय अगदीच अवेळी नाही.

आम्ही म्हणजे एका घरातली सात भावंडं. सख्खी कोण आणि चुलत कोण हे रेशनकार्ड बघितल्याशिवाय सांगता आलं नसतं. गाव पंचगंगेच्या काठचं. आमची सगळ्यांची शाळा झाली ती 1970 ते 1982 च्या दरम्यान. 'पिकनिक' हा शब्द आमच्याकडं पोचायला अजून बराच अवकाश होता. कुठंतरी 'जायचं' असायचं, आणि प्रत्येक जाण्याला काहीतरी काम चिकटलेलं असायचं. पहाटे डेअरीला दूध घालायला जायचं. शाळा सुटल्यावर वैरणीचा भारा आणायला जायचं. आठवड्याच्या बाजारादिवशी आबांच्या मागं पिशवी धरून जायचं. कामाशिवाय नुसतं हिंडणाऱ्या पोराला 'उंडगं' म्हणत. म्हणून उंडगायचं असलं तरी हातात कळशी नाहीतर विळा असावा लागे.

शाळा शेजारच्या गावात. पायात पायताण असलं तर असलं. सडकेनं गेलं तर वेळ कमी लागायचा, पण आम्ही बांधाबांधानं जायचो. कुणाच्या शेंगा भरल्यात, कुणाच्या बांधावरचा आंबा पाडाला आलाय, कुणाच्या विहिरीवर इंजिन बसलंय याची खडान्‌खडा माहिती असायची. ग्रामसेवकांना नसेल एवढी!

खरं ठिकाण म्हणजे बंधारा. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणून राज्यभर ज्याचं नाव आहे तोच. पावसाळा सरला की दगडी खांबांच्या खाचांत लाकडी बरगे घालायचे, बरग्यांच्या दोन ओळींमधे माती ठासायची आणि पाणी अडवायचं. पावसाळ्याच्या तोंडाला तेच बरगे काढून नदी मोकळी करायची. या दोन तारखांच्या मधलं पाणी आमच्या हक्काचं. पाठीला वाळला भोपळा नाहीतर पत्र्याचा रिकामा डबा बांधून सगळी पोहायला शिकली. पोरी उन्हं कलल्यावर धुण्याच्या निमित्तानं जायच्या आणि धुणं झाल्यावर त्याही पाण्यात उतरायच्या. आक्का तर पोरांपेक्षा लांब जायची. आज त्याच घाटावर पोरांना पोहू द्यायला आयाबाया धजत नाहीत. नदीचं जे झालंय त्यात शहरांच्या सांडपाण्याचा वाटा आहे, तसा साखर धंद्याच्या मळीच्या पाण्याचाही आहे. हे आपल्याच पत्रिकेत लिहायला संकोच वाटू नये, कारण पोहणारी पोरं आपलीच होती.

दुसरं ठिकाण गुऱ्हाळ. (कारखान्याच्या पत्रिकेत गुऱ्हाळाचं कौतुक केलं म्हणून शेती खात्यानं रागावू नये.) थंडीच्या रात्री चुलवाणाच्या उबेला बसून आदण उतरायची वाट बघायची. काहिलीत रस उकळून वर आला की रानभेंडीचं पाणी मारून मळी काढत. गुळव्या पळीभर पाक पाण्यात सोडून बोटानं चाचपायचा आणि मान हलवायचा. ती मान हलली की सगळ्यांची पळापळ. काहील वाफ्यात ओतली की उसाची कांडी त्या गरम गुळात बुडवून आम्ही बाजूला. जीभ भाजायची ती दोन दिवस भाजलेली राहायची.

तिसरं ठिकाण कारखाना. आबांची टायरची बैलगाडी भरली की एकाला वर बसायला मिळायचं. त्यासाठी घरात भांडणं होत. गाड्यांची रांग रात्रभर पुढं सरकायची. काटा, मग गव्हाण, मग मोकळी गाडी घेऊन पहाटे परत. भोंगा झाला की आजूबाजूच्या गावांत कुणाचं घड्याळ पुढं आहे आणि कुणाचं मागं हे कळायचं. रांगेत आबा झोपायचे आणि बैलच आपले आपण पुढच्या गाडीमागं पावलं टाकायचे. चालत्या गाडीमागं पळत जाऊन ऊस ओढणं हा तर पोरांचा ठरलेला उद्योग. आमच्याच गल्लीतल्या एका पोराच्या पायावरून भरल्या गाडीचं चाक गेलं आणि तो आयुष्यभर काठी घेऊन चालला. तेव्हा बैलगाडी होती. आता ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या असतात आणि वर गाणी लावलेली असतात, मागं पोर लोंबकळलंय हे ड्रायव्हरला ऐकूही येत नाही. ज्यांच्या घरासमोरून वाहतूक चालते त्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

आमच्याच वयाची पण आमच्यापेक्षा कितीतरी जास्त मुलूख बघितलेली पोरं दर हंगामात गावाबाहेर उतरायची. बीडकडच्या टोळ्यांची. पाचटाच्या खोपी, दारात बैल, नवरा-बायकोचा एक कोयता. त्यातलं एक पोर लागोपाठ तीन हंगाम आमच्यात खेळायला आलं. त्यानं आम्हाला गोफण मारायला शिकवलं. वाटेत कुठली कुठली गावं लागतात, कुठल्या नदीला पूल आहे, कुठल्या घाटात बैलांना दम लागतो हे तो भराभर सांगायचा. भूगोलाच्या पुस्तकातली नावं त्याच्या तोंडून ऐकली की आम्हाला नवल वाटायचं. पण पुस्तक त्याच्या हातात दिलं तर ते तो उलटं धरायचा. आमची परीक्षा संपायची आणि त्यांच्या गाड्या परतीला लागायच्या. आमचा प्रवास सुरू व्हायचा तेव्हा त्याचा संपायचा. चौथ्या हंगामात टोळी आली, तो आला नाही. विचारलं तर त्याची आई म्हणाली, 'आता त्यो दुसऱ्या कारखान्याला गेलाय, कोयत्यावर.' त्याचं वय तेव्हा तेरा असेल नसेल. पुढं काही ठिकाणी साखरशाळा निघाल्या. त्या पोराच्या वेळी नव्हत्या.

आता सुट्टीचं. आपल्याकडं सुट्टी शाळेच्या पत्रकावर ठरत नाही, तोडीवर ठरते. ऊस उभा असला की घरातलं माणूस हलत नाही. चिटबॉय दिसला की आबांच्या आधी आम्हीच विचारायचो, 'आमची तोड कवा?' ऊस वेळेवर गेला तर जोतिबाची चैत्री यात्रा पदरात पडायची. गुलाल, सासनकाठ्या, 'चांगभलं'चा गजर, आणि परतताना पन्हाळ्याला वळसा. पन्हाळ्यावर आबा आम्हाला तीन दरवाज्याच्या आधी अंबरखान्यात न्यायचे. गंगा, यमुना, सरस्वती ही धान्याची कोठारं दाखवायची त्यांना घाई. 1660 साली सिद्दी जौहरचा वेढा चार महिने पडला तरी महाराज आत तग धरून होते, याचं कारण आबांच्या मते तलवारीइतकंच त्या कोठारांत होतं. शेतकऱ्यानं इतिहास असाच वाचायचा.

ऊस उशिरा गेला तर मात्र थेट आजोळ. आईचं माहेर कवठेमहांकाळच्या बाजूला. मिरजेला मोठी गाडी सोडायची आणि छोट्या गाडीत बसायचं. बार्शी लाइट रेल्वेची ती अडीच फुटी रुळांची गाडी. 1897 साली बार्शीपासून सुरुवात झालेली ही लाइन 1927 मध्ये मिरजेला येऊन भिडली. वेग असा, की चढाला मोठी माणसं उतरून गाडीबरोबर चालत असं सगळे सांगायचे. आम्ही चालताना कुणाला बघितलं नाही, पण करवंदं विकणारी बाई चालत्या गाडीत चढताना मात्र बघितली आहे. आता तिथं मोठे रूळ झालेत आणि गाडी सुसाट जाते.

1973 चा उन्हाळा आम्ही त्या आजोळी काढला. 72 चा दुष्काळ अजून सरला नव्हता. स्टेशनावर मामाची बैलगाडी नेहमी असायची, त्या वर्षी मामा एकटाच उभा होता. बैल छावणीत होते. आम्ही चालत गेलो. घरात दिवसा कुणीच नसायचं. मामा, मामी, म्हातारी आजीसुद्धा खडी फोडायला दुष्काळी कामावर. संध्याकाळी मामी परत यायची तेव्हा तिच्या पदरात सुकडी असायची. आम्हाला ती फार गोड लागली. 'आमच्याकडं का नसती ही?' असं धाकट्यानं विचारलं आणि मामी हसली. भाकरी लाल मिलोची, ती मात्र घशाखाली उतरायची नाही. पाण्याला पहाटे तीनला उठून विहिरीवर नंबर लावायचा. एक घागर भरेपर्यंत झरा संपायचा आणि मग पुन्हा पाझरेपर्यंत सगळ्या बायका काठावर बसून राहायच्या. आम्ही नदीकाठची पोरं. मोटर चालू केली की पाणी, दार मोडलं की पाणी. पहिल्या दिवशी धाकट्यानं तोंड धुऊन अर्धा तांब्या अंगणात ओतला, तर आजीनं तो ओला झालेला मातीचा गोळा उचलून तुळशीच्या बुडाशी नेऊन ठेवला. बोलली काही नाही.

परतताना मामाची सात वर्षांची पोरगी आमच्याबरोबर आली. तिनं वाहती नदी बघितलेली नव्हती. आम्ही गावी पोचलो आणि दोन-तीन दिवसांतच बंधाऱ्याचे बरगे काढायला सुरुवात झाली. एकेक बरगा वर आला की पाणी धबाधबा खाली पडायचं. आम्हाला तो वर्षाचा सण. पोरगी मात्र काठावर उभी राहून रडायला लागली. 'पानी सोडतायसा कशाला? पानी सोडतायसा कशाला?' कितीही सांगितलं की पाऊस येणार आहे, नदीला पूर येणार आहे, तरी तिला पटेना. शेवटी आबांनी तिला खांद्यावर घेतलं आणि घरी आणलं. आज म्हैसाळ योजनेनं कृष्णेचं पाणी उचलून त्या भागात पोचवलंय आणि तिच्या सासरच्या रानातही ऊस उभा आहे. तिच्या घरी अजून अर्धा पेला पाणी वाया गेलेलं खपत नाही. पाण्याच्या काटकसरीवर आपल्या शेती अधिकाऱ्यांची भाषणं आम्ही पुष्कळ ऐकली, पण ठिबक बसवायचा निर्णय आमच्या घरात झाला त्याच्यामागं त्या भाषणांपेक्षा ही पोरगी जास्त होती.

दुसरा मोठा प्रवास 1979 च्या मे महिन्यातला. आमच्या शाळेतले एक गुरुजी मालवणकडचे. ते दर वर्षी म्हणायचे, 'एकदा समुद्र बघायला या.' दर वर्षी आबा म्हणायचे, 'ऊस गेला की येतो.' त्या वर्षी आडसाली ऊस वेळेत गेला, टनेजही बरं पडलं, आणि आबांनी बिलातले पैसे सोसायटीचं कर्ज भागवून उरल्यावर वेगळे बांधून ठेवले. जायचं ठरलं ते आबा आणि पोरांचं. पोरींचा प्रश्न निघाला तेव्हा आजी म्हणाली, 'पोरीच्या जातीनं एवढ्या लांब कशाला जायाचं?' त्यातून आक्काचं लग्न ठरण्यात होतं. दहावीची परीक्षा नुकतीच दिलेली, बघायला येऊन गेलेले, होकार यायचा होता. आक्का चुलीपुढं बसून भाकऱ्या थापत राहिली. आबा गप्प. सगळं तिथंच मिटलं असतं. पण थोरली काकी, जी चारचौघांत कधी मान वर करत नसे, ती परातीवरून उठून म्हणाली, 'मी कवा रंकाळ्याच्या पल्याड गेलो न्हाई. तिला तरी बघू द्या. लगीन झाल्यावर कोण दावतंय?' आजी काही बोलली नाही. आक्काच्या भाकरीला मात्र त्या रात्री भोक पडलं.

एसटी राधानगरीवरून निघाली. बारा वर्षांच्या आतल्यांना अर्धं तिकीट, त्यामुळं धाकट्याला दोन दिवस वाकून बसायची तालीम दिलेली. कंडक्टरनं एकदा बघितलं, चिमट्यानं टकटक केलं आणि म्हणाला, 'लेकाला शाळेत कवा घातलासा म्हणायचं?' आबांनी पूर्ण तिकीट काढलं. राधानगरीला आबांनी खिडकीतून हात बाहेर काढून दाखवलं, 'ते बघा, तिथनं येतंय आपल्या बंधाऱ्यात पाणी.' शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ज्याचं काम सुरू केलं तो लक्ष्मी तलाव. पाण्याच्या दाबानं आपोआप उघडणारे सात दरवाजे. दर पावसाळ्यात 'राधानगरीचे दरवाजे उघडले' हे ऐकून आम्ही वाढलो, पण आपली नदी कुठनं येते हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पुढं दाजीपूरचं जंगल, मग फोंड्याचा घाट. घाटात निम्म्या गाडीला ओकाऱ्या लागल्या. त्याचं जास्त वर्णन नको.

गुरुजींच्या घरी 'येवा, येवा' म्हणून स्वागत झालं. आम्ही गुळाची ढेप, काकवी आणि शेंगांचं पोतडं नेलं होतं. पेज, मासे, सोलकढी. फणस तर जेवण झाल्यावरही जेवण असल्यासारखा. पण सगळ्यांना घाई समुद्राची. गुरुजी संध्याकाळी घेऊन गेले. आबा वाळूत उभे राहिले, बराच वेळ बघितलं, वाकून ओंजळ भरली, चाखली, थुंकली आणि म्हणाले, 'एवढं पाणी, आणि एका सरीच्या उपयोगाचं न्हाई!' गुरुजी इतके हसले की खाली बसले. आक्का मात्र आमच्याबरोबर पाण्यात आली नाही. काठाकाठानं एकटीच लांब चालत गेली. परत आली तेव्हा पातळ गुडघ्यापर्यंत भिजलं होतं आणि ती लहान पोरीसारखी पळत होती.

दुसऱ्या दिवशी होडीनं सिंधुदुर्ग किल्ल्यात गेलो. 1664 साली महाराजांनी कुरटे बेटावर पाया घातलेला हा किल्ला. (पन्हाळ्यासकट राज्यातले जे किल्ले 2025 साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले त्यात हाही आहे.) चहूकडं खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. नाव ऐकल्याबरोबर आबांनी साखरबावेचं पाणी मागून घेतलं. 'गोड हाय,' म्हणाले, 'पर उतारा किती पडंल?' आमच्या आबांनी आयुष्यात जे दोन-तीन विनोद केले त्यातला हा एक.

येताना आमसुलं, आंब्याची साठं, काजू सगळं घेतलं. आक्कानं गुरुजींच्या घरातनं एक रिकामी औषधाची बाटली मागून घेतली आणि समुद्राचं पाणी भरलं. काकीसाठी. काकीनं ते बोटानं चाटून बघितलं आणि विचारलं, 'मीठ तुम्हीच टाकलं न्हाई न्हवं?' मग आक्कानं तिला दोन दिवस बसून सगळं सांगितलं. लाट कशी येते, आवाज कसा असतो, काठ कुठं संपतो.

होकार जूनमध्ये आला आणि मार्गशीर्षात आक्काचं लग्न झालं. दहावीचा निकाल चांगला लागला होता, पण तो कुणाच्या फारसा लक्षात राहिला नाही. पुढची वीस-पंचवीस वर्षं तिची माहेर, शेत आणि दवाखाना यांतच गेली. हल्ली मात्र ती बचत गटाच्या बायका गोळा करून दर वर्षी कुठंतरी जाते. 2023 च्या मार्चपासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट झालं, त्याचा फायदा जिल्ह्यात तिच्याइतका कुणी घेतला नसेल. नरसोबाची वाडी झाली, खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळ झालं, गणपतीपुळे झालं.

काकीचं मात्र जायचं राहूनच गेलं. आधी पोरांची शिक्षणं, मग काकांचं आजारपण, मग गुडघे. 75 वर्षांवरच्या माणसांना 2022 च्या ऑगस्टपासून एसटी मोफत आहे, हे तिला आक्कानंच सांगितलं. तेव्हापासून दर उन्हाळ्यात 'ऊस गेला की जायचं' असं ठरतं. यंदा तिनं आधार कार्डाची झेरॉक्स काढून पिशवीत घालून ठेवली आहे, आणि नातवानं मोबाइलवर समुद्र दाखवला तर म्हणाली, 'आत्ता नको, बघितल्यासारखं हुईल.' खोडवा अजून एकरभर उभा आहे. चिटबॉय म्हणतो, आठवड्यात टोळी देतो.